एसआरएवर सही करायची का? आधी मधल्या वर्षांचा हिशोब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. भांडुप पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी तुमची वस्ती, चारेकशे घरं, एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना लागतेय, बिल्डर महिना १८ हजार भाडं देतो म्हणतोय आणि कमिटीवाले सह्या घेत फिरतायत. आई घरातनंच पोळीभाजीचे डबे देतात, बाबा वॉचमन आहेत, वर पोटमाळ्यावर काका-काकू आणि त्यांची मुलं. मामाच्या वस्तीत बिल्डिंग झाली आणि निम्मी माणसं घरं विकून बदलापूर-नालासोपाऱ्याला गेली, म्हणून आई सही करायला घाबरतायत. तुम्ही विचारताय, बिल्डिंग आली की वस्ती खरंच मोडते का, आणि आपण सही करावी की नाही.

मी पूर्व उपनगरांत पुनर्वसनाच्या कामात आहे, वीसेक वर्षं झाली असतील. सर्व्हेच्या वेळी लोकांबरोबर उभं राहायचं, परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र-अपात्र रहिवाशांच्या सरकारी यादीत, कोणी अपात्र निघालं की अपिलाचे कागद करून द्यायचे, शिफ्टिंग झाल्यावर शाळा-रेशन-दवाखाना याच्या मागे लागायचं, असं काम. तेव्हा पाडायच्या आधीची वस्तीही बघितलीय आणि तीच माणसं बिल्डिंगमध्ये राहायला गेल्यावरचीही.

तुमच्या आईंची भीती खोटी नाहीये. पण लोक जो प्रश्न विचारतात, बिल्डिंग चांगली की वाईट, त्याने काही हाती लागत नाही. पक्की भिंत, घरात संडास, नळाला पाणी, पावसाळ्यात दरड कोसळायची भीती नाही, हे डोंगरउतारावर राहणाऱ्याला मोठं सुख आहे आणि ज्याला ते मिळतंय त्याने ते सोडावं असं मी कधीच सांगणार नाही. खरा प्रश्न असा आहे की आज वस्तीत राहणाऱ्यांपैकी कोण त्या बिल्डिंगपर्यंत पोचणार, आणि पोचेल तेव्हा त्याच्या अंगावर किती कर्ज असणार. माझ्या अनुभवात वस्ती मोडते ती झोपडं पाडल्यापासून चावी मिळेपर्यंतच्या मधल्या वर्षांत. विकून जाणारे लोक दिसतात नंतर, पण त्यांचं विकायचं बरंचसं तेव्हाच ठरून गेलेलं असतं.

आता यात बरंच काही परिस्थितीवर आहे ते आधी मान्य करते. एक तर तुमची योजना जागेवरची आहे, म्हणजे जिथे झोपडी तिथेच घर. नाल्यासाठी, रस्त्यासाठी, रेल्वेसाठी, पाइपलाइनसाठी उठवतात ती गोष्ट वेगळी, तिथे माणूस उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला टाकतात. दुसरं, तुमचे पुरावे कुठल्या सालचे आहेत. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल आणि ताबा तुमचाच असेल तर घर मोफत, त्यानंतरचा पण १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, आणि ती रक्कम शासनाने २०२३ मध्ये अडीच लाख ठरवली. त्याच्यापुढचा असेल तर या नियमात घर नाही. तिसरं आणि सगळ्यात मोठं म्हणजे बिल्डर पैशाने किती भक्कम आहे, कारण दोन-तीन वर्षांत काम उरकलं तर मी खाली लिहितेय त्यातलं अर्धं तुम्हाला सोसावंच लागणार नाही.

लांब नेतात तेव्हा काय होतं ते थोडं सांगते, कारण तुमच्या मामांकडचे लोक आणि हे लोक यांची गल्लत होते. २००० नंतरच्या दशकात मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रेल्वेरुळांच्या आणि लिंक रोडच्या कडेची हजारो कुटुंबं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडला, गोवंडीच्या नटवर पारेखला, वाशी नाक्याला नेली. त्या प्रकल्पाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. उठवल्या जाणाऱ्या लोकांनी, त्यात कुर्ल्याकडचे दुकानदार पुढे होते, बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली की आमच्या धंद्याचं काय ते कोणी बघतच नाही, आणि २००६ मध्ये बँकेने रस्त्यांच्या कामाचे आणि पुनर्वसनाचे पैसे काही महिने थांबवले होते. म्हणजे घर मिळतंय पण पोटापाण्याचा धंदा सुटतोय ही तक्रार नवी नाही, आणि साधी माणसं ती थेट जागतिक बँकेपर्यंत घेऊन गेली होती. माहुलचं तर तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल. तानसा पाइपलाइनच्या कडेची घरं २०१७ पासून तोडून लोकांना रिफायनरीच्या शेजारी नेलं, तिथल्या हवेने माणसं आजारी पडायला लागली, आणि शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की यांना दुसरीकडे राहायला महिना १५ हजार भाडं आणि ४५ हजार डिपॉझिट द्या.

तुमचं तसं नाहीये. पण जागेवरची योजना असली तरी मधल्या काळात तुम्ही विस्थापितच असता, आणि गंमत नाही सांगत, या काळाचा विचार सही करताना जवळपास कोणीच करत नाही, सगळ्यांचं लक्ष नव्या घराच्या ३०० चौरस फुटांवर असतं.

पहिला महिना डोळ्यासमोर आणा. वस्ती खाली करायची तारीख येते, चारशे कुटुंबं एकाच वेळी खोली शोधायला निघतात आणि सगळ्यांना जवळपासच पाहिजे असते, कारण शाळा इथे, काम इथे. आजूबाजूच्या चाळीवाल्यांना हे दोन महिने आधीच कळलेलं असतं. समजा आज एखादी खोली १२ हजाराला जातेय, ती त्या महिन्यात १७-१८ ला जाते. म्हणजे बिल्डरने दिलेलं भाडं ऐकायला भरपूर वाटतं, ते पहिल्याच दिवशी पूर्ण घरमालकाच्या हातात. वर डिपॉझिट पाहिजे, एजंटला एक महिन्याचं भाडं पाहिजे, टेम्पोचे पैसे वेगळे. हे सगळं कुठून येतं? बचत गटातून, भिशीतून, नाहीतर आईच्या गळ्यातल्या मंगळसूत्रातून. इथे पहिलं कर्ज होतं. मग अकरा महिन्यांनी अॅग्रीमेंट संपतं, मालक वाढवून मागतो किंवा खाली करा म्हणतो, परत एजंट, परत टेम्पो. ज्यांना जवळ खोली परवडत नाही ते दिव्याला, टिटवाळ्याला, विरारला जातात आणि म्हणतात, दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे.

दोन वर्षांची चार होतात, चारची आठ. हे अपवादाने होतं असं समजू नका. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच एका रखडलेल्या मुंबईतल्या योजनेत बिल्डरला काढून टाकायचा निर्णय कायम ठेवला आणि तेवढ्यावर न थांबता हायकोर्टाला सांगितलं की हा झोपडपट्टी कायदा नीट चालतोय का याचंच ऑडिट करा. १९७१ चा कायदा, १९९५ ची एसआरए, आणि इतक्या वर्षांनी देशाच्या सर्वोच्च कोर्टाला असं म्हणावंसं वाटलं.

या वर्षांत पैशाशिवाय काय जातं ते कुठल्याच कागदावर येत नाही, म्हणून जरा जास्त लिहिते.

तुमच्या आईंचंच घ्या. त्यांचे डबे चालतात कारण गिऱ्हाईक चालत येतं, कंपनीतली पोरं सकाळी जाता जाता डबा उचलतात, शेजारची बाई कांदे चिरायला येते, आणि दुकानदार महिनाभर पीठ-तेल उधारीवर देतो कारण तो आईंना बरीच वर्षं ओळखतो. नवीन भाड्याच्या खोलीत मालक पहिल्या दिवशी सांगतो, मोठी शेगडी लावायची नाही, माणसांची ये-जा नको. नवा दुकानदार रोख मागतो. म्हणजे आईंचं कौशल्य तेच, हात तेच, पण धंदा बंद. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायकांचं याहून वाईट होतं. चालत दहा मिनिटांवरच्या बिल्डिंगमध्ये चार घरं धरलेली असतात, दुपारी घरी येऊन पोराला जेवायला घालून परत संध्याकाळची कामं. टिटवाळ्याहून हे जमत नाही. चारातली दोन कामं सुटतात, आणि जी उरतात त्यात पासाचे पैसे आणि ट्रेनमधले तास जातात. घरात कमाई दोघांची होती ती दीड माणसाची होते, आणि भाडं तेवढंच.

पोरांचं शिक्षण तर सांगायलाच नको. वर्षाच्या मधे वस्ती खाली केली तर आठवी-नववीची पोरं गळतात, मुली जास्त. कारण लांबच्या जागेवरून मुलीला एकटीला ट्रेनने पाठवायला आईबाप तयार नसतात आणि नवीन शाळेत दाखला, आधार, पत्ता याचा घोळ संपेपर्यंत सहामाही उलटून जाते. लग्नं अडकतात, घर नाही तर मुलगी कोण देणार. म्हातारी माणसं अनोळखी खोलीत, अनोळखी गल्लीत बसून राहतात, त्यातली कितीतरी नवीन घर बघायच्या आधीच जातात, आणि मग वारसाचे कागद करायला माझ्यासारख्यांकडे येतात.

आणि बिल्डरचं भाडं थांबलं की? हा सगळ्यात अवघड प्रसंग. पूर्वी लोक चेक घेऊन बँकेत जायचे आणि चेक बाउन्स व्हायचा, मग ऑफिसला मोर्चा, मग तारीख, मग पुन्हा दोन महिन्यांचं भाडं आणि पुढे शांतता. माझ्या ओळखीतल्या एका वस्तीत असं झालं तेव्हा पहिल्या वर्षाच्या आत लोकांनी चावी मिळायच्या आधीच घरं दलालाला तोंडी विकायला सुरुवात केली होती, बाहेर मिळेल त्याच्या निम्म्याला, साध्या नोटरीवर. का तर घरमालक दारात उभा. तुमच्या मामांकडे अर्धी वस्ती विकून गेली म्हणताय ना, एकदा मामांना विचारा की कोणी कधी विकलं. मला खात्री वाटते की बऱ्याच जणांचा व्यवहार बिल्डिंगमध्ये पाऊल टाकायच्या आधीचा निघेल. लोक नंतर म्हणतात, झोपडपट्टीवाल्यांना घर दिलं तरी विकून पुन्हा झोपडीत जातात. मला याचा फार राग येतो. ज्या माणसाला आठ वर्षं भाड्याच्या खोल्या बदलायला लावल्या, त्याने कर्ज फेडायला घर विकलं तर त्याच्या हेतूवर बोट ठेवायचा हक्क कोणाला आहे?

आता काका-काकूंकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात ते एका ओळीत आलेत आणि माझ्या मते तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. पोटमाळ्यावरचं घर एसआरएत धरत नाहीत. खाली एक झोपडी, एक नंबर, एक घर. तुमच्याकडे आज दोन कुटुंबं दोन मजल्यांवर राहतात, प्रत्येकाची चूल वेगळी, आणि उद्या ३०० चौरस फूट एकच मिळणार. नऊ-दहा माणसं त्यात मावणार नाहीत. म्हणजे काकांचं कुटुंब याच्यातून बाहेर पडणार हे आत्ताच ठरलेलं आहे, फक्त कोणी बोलत नाहीये. मी कितीतरी घरांत भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले बघितलेत, आणि प्रत्येक वेळी सुरुवात याच न बोलण्याने झालेली. आत्ता, सही करायच्या आधी, आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासमोर बसून ठरवा. बिल्डरच्या भाड्यातला वाटा काकांना द्यायचा का, घर कोणाच्या नावावर, दुसऱ्याला किती रक्कम आणि कधी, आणि ते स्टॅम्प पेपरवर लिहा. नातं टिकवायचा तोच मार्ग आहे.

आणि भाडेकरू. तुमच्या वस्तीत दर चार-पाच घरांमागे एक तरी भाड्याने दिलेलं असेल. नियमात खरं तर स्पष्ट आहे की जो प्रत्यक्ष राहतो तोच पात्र, झोपडीचा म्हणवणारा मालक दुसरीकडे राहत असेल तर त्याला हक्क नाही. नियम करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण वस्तीत घडतं उलटं. एसआरए येणार अशी कुणकुण लागली की मालक सर्व्हेच्या आधी भाडेकरूला काढतो आणि स्वतः येऊन दोन भांडी मांडून बसतो. त्यामुळे बायोमेट्रिक सर्व्हे होतो तेव्हा भाडेकरू तिथे नसतोच, यादीत तो कधी येतच नाही, आणि कुठल्याच आकड्यात त्याचं विस्थापन मोजलं जात नाही. वस्तीतली सगळ्यात गरीब माणसं हीच असतात, बांधकामावरची, नाक्यावरची, नुकती गावाहून आलेली. त्यांना पुढची खोली आणखी लांब, आणखी नाल्याच्या कडेला. तुम्ही शिकलेले आहात, कमिटीत बोलू शकता, तर निदान एवढं करा की अशा कोणाला सर्व्हेच्या तोंडावर काढत असतील तर त्याला सांगा तुझ्याकडे लाइट बिल, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव यातलं काय आहे ते घेऊन सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे पात्रता ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, लेखी दे.

इथवर जे झालं ते एका ओळीत सांगायचं तर: सही करताना लोक घर बघतात, आणि नुकसान होतं ते मधल्या वर्षांत आणि यादीबाहेरच्या माणसांचं. आता बिल्डिंगमध्ये गेल्यावरचं.

तिथे खर्चाची जात बदलते. झोपडीत खर्च हाताला येतील तेव्हा व्हायचे, पत्रा गळला तर दोनशे रुपयांचा प्लास्टिकचा कागद आणला. बिल्डिंगमध्ये पहिल्या तारखेला मेंटेनन्स, पैसे असोत नसोत. बावीस मजली बिल्डिंगला लिफ्ट, पंप, आग विझवायची यंत्रणा, जिन्यातले दिवे हे सगळं चालवावंच लागतं. बिल्डरने दर घरामागे देखभालीसाठी ठराविक रक्कम ठेवायची असते, तिच्या व्याजावर थोडंफार भागतं, सगळं भागत नाही. रोजंदारीवाल्याचे तीन महिने थकले की सोसायटीची नोटीस येते, आणि लिफ्ट बंद पडली की पंधराव्या मजल्यावरची गरोदर बाई आणि गुडघे गेलेली आजी घरात कोंडून राहतात. म्हणून मजल्याचा प्रश्न आधी विचारा. नियमात आहे की घरवाटपात अपंग व्यक्ती आणि बाईच्या जिवावर चालणारी कुटुंबं यांना पहिला प्राधान्यक्रम, आणि उरलेल्यांची सोडत. बऱ्याच सोसायट्यांत हे कोणाला माहीतच नसतं आणि खालचे मजले कमिटीच्या माणसांत वाटून संपतात.

उजेड आणि हवा हा विषय लोक किरकोळ समजतात. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख आणि पीएमजीपी कॉलनी या तीन वसाहतींत डॉक्टरांच्या एका संस्थेने केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इमारती इतक्या जवळजवळ की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि जिथे पोचत नाही तिथे टीबी जास्त, असं त्यात दिसलं. झोपडीतही टीबी होता. पण पक्क्या घरात जाऊन टीबी व्हावा हे कोणाच्याही वाट्याला येऊ नये. म्हणून बिल्डर रंगीत ब्रोशर दाखवेल तेव्हा ते बाजूला ठेवा आणि लेआउटचा नकाशा मागा. आपली रिहॅब बिल्डिंग, म्हणजे रहिवाशांची, आणि शेजारची सेल बिल्डिंग, म्हणजे बिल्डर विकणार ती, यांच्यात किती मीटर अंतर आहे, आपल्या स्वयंपाकघराची खिडकी कशावर उघडते, एवढं आर्किटेक्टला सगळ्यांसमोर विचारा. बहुतेक ठिकाणी रस्त्याकडची मोकळी बाजू विक्रीच्या टॉवरला जाते आणि रहिवाशांच्या दोन बिल्डिंगा मागच्या कोपऱ्यात एकमेकींना खेटून उभ्या राहतात. मंजुरीच्या आधी बोललात तर काहीतरी हलतं, नंतर नाही.

आईंच्या डब्यांबद्दल एक. आधी दुकान चालू असेल तर त्याबदल्यात दुकानाची जागा मिळते, २२५ चौरस फुटांपर्यंत मोफत, पण परिशिष्ट-२ मध्ये ती झोपडी व्यावसायिक किंवा निवासी-व्यावसायिक म्हणून लागली पाहिजे, आणि त्याला गुमास्ता लायसनसारखा (दुकानाच्या नोंदणीचा) जुना पुरावा लागतो. घरात बसून केलेलं काम, मग ते डबे असोत, पापड असोत की इमिटेशनच्या माळा ओवणं, यात कुठेच बसत नाही. बायकांची कमाई इथे नियमातूनच गळते. यावर पूर्ण तोड माझ्याकडे नाही, पण दर शंभर घरांमागे बालवाडी, वेल्फेअर सेंटर, सोसायटी ऑफिस अशा जागा द्याव्या लागतात. दोन-तीन ठिकाणी बायकांच्या गटाने सोसायटीच्या सभेत ठराव करून वेल्फेअर सेंटरमध्ये आपल्या कामाला ठराविक वेळ मिळवलीय. जिथे हा विषय बिल्डिंग व्हायच्या आधी बायकांनी सभेत मांडला तिथेच हे जमलं, नंतर त्या जागेला कोणाचं तरी कुलूप लागलेलं असतं.

मग सही करायची का? माझं मत, डोंगरउतारावरच्या वस्तीला योजना जागेवर मिळत असेल आणि तुमचे पुरावे २००० च्या आधीचे असतील तर करावी. नुसतं अडून बसण्यात फायदा नाही, कारण पूर्वी ७० टक्के लोकांची संमती लागायची ती आता ५१ टक्क्यांवर आलीय, आणि योजना मंजूर झाली की न आलेल्यांना झोपडपट्टी कायद्याच्या कलम ३३/३८ च्या नोटिसा काढून घरं खाली करायला लावतात. एकट्याने अडून बसलेला माणूस शेवटी सगळ्यात वाईट अवस्थेत निघतो हे मी बघितलंय. तुमची ताकद ५१ टक्के पूर्ण व्हायच्या आधी आहे, तेव्हा बिल्डरला तुमची गरज असते. तेव्हा पंचवीस-तीस घरं एकत्र या आणि आम्ही सही करतो, पण या गोष्टी लेखी पाहिजेत असं म्हणा.

सगळ्यात आधी भाडं. आता एसआरएचा नियम असा आहे की बिल्डरने दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यायचे. ते जमा झाल्याची पावती बघितल्याशिवाय आणि रिहॅब बिल्डिंगचा आयओए, म्हणजे नकाशा मंजुरीचं पत्र, हातात आल्याशिवाय कोणीही घर खाली करायचं नाही, हे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. भाड्यात दरवर्षी वाढ किती, डिपॉझिटसाठी आणि शिफ्टिंगसाठी वेगळे पैसे देणार का, तेही. भाड्याचे पैसे नवराबायकोच्या जॉइंट खात्यात यावेत हा माझा हट्ट असतो, कारण एकट्या पुरुषाच्या खात्यात आलेलं भाडं खोलीपर्यंत पोचलंच नाही अशी घरं मला माहीत आहेत. नवीन घर तर नियमानेच नवराबायको दोघांच्या नावावर लागतं, शेअर सर्टिफिकेटवरसुद्धा, ते आईंना नक्की सांगा, कमिटीवाले बऱ्याचदा सांगत नाहीत.

मग वैयक्तिक करारनामा. पांढऱ्या कागदावर, नुसत्या संमतीपत्रावर किंवा इंग्रजीत टाइप केलेल्या पंचवीस पानांवर सही करून मोकळं व्हायचं नाही. प्रत्येक पात्र झोपडीधारकाशी वेगळा करार करणं बिल्डरला बंधनकारक आहे, त्याची मराठी प्रत मागा आणि सही केलेली एक प्रत घरी ठेवा. त्यात किती महिन्यांत काम होणार आणि नाही झालं तर काय, हे असलं पाहिजे. काम रखडलं तर झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली बिल्डर बदलायची मागणी सोसायटी करू शकते, पण तिथे लागतो तो कागद, कोणी कधी काय कबूल केलं याचा. ज्या सोसायट्यांनी सभेची इतिवृत्तं नीट ठेवली त्यांचं काम लवकर झालं, बाकीच्यांच्या तारखा चालूच आहेत.

शक्य असेल तर वस्ती खाली करायची तारीख एप्रिल-मेमध्ये मागा, शाळा संपल्यावर. बिल्डरला यात एक पैसा खर्च नाही, म्हणून ही मागणी सहसा मान्य होते, आणि पोरं वाचतात. खोल्या शोधताना पाच-सहा घरांनी मिळून एकाच चाळीत, एकाच गल्लीत बघा, भले थोडी लांब असेल. आईंच्या मदतीची बाई शेजारी असेल तर डबे कमी होतील पण बंद पडणार नाहीत. भिशी चालू ठेवा, महिन्यातून एकदा सगळ्यांनी वस्तीच्या जागेवरच भेटायचं ठरवा, काम कुठवर आलंय तेही डोळ्यांनी दिसतं. जी वस्ती या काळात भेटत राहिली तिथे दलाल घरोघर शिरू शकले नाहीत, कारण कोणाला पैशाची अडचण आलीय हे आधी शेजाऱ्याला कळायचं आणि मग दलालाला.

मेंटेनन्सची सवय आत्तापासून लावा असं मी प्रत्येक ठिकाणी सांगते. महिन्याला पाचशे का होईना, बाजूला. आठ-दहा हजार साठलेले असले तरी पहिलं वर्ष निघतं, आणि पहिलं वर्ष निघालं की माणूस सहसा टिकतो.

आता तुमच्याकडून पुढचं पाऊल. घरातले सगळे कागद एका फाइलमध्ये लावा, २००० च्या आधीच्या मतदार यादीचा उतारा, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), लाइट बिल, आजोबांचा मृत्यूचा दाखला असेल तर तो आणि वारसाचे कागद. नावांचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे का बघा, एका अक्षराच्या फरकाने माणसं अपात्र होतात. काकांशी या रविवारीच बोला. आणि प्रारूप परिशिष्ट-२ लागलं की स्वतः जाऊन फोटो काढा, कमिटीने वाचून दाखवलेल्यावर राहू नका, हरकत घ्यायची मुदत तिथेच लिहिलेली असते. कोणी अपात्र आलं असेल तर शेवटच्या रकान्यात जे कारण लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका, त्यावरून कुठला कागद जोडायचा ते मी सांगते.